भाल्याकडून भिंगाकडे

पाण्याखालचे दृश्य टिपणारा कॅमेरा आज हौशी मासेमाराच्या पिशवीत मावतो आणि त्याच्या खिशालाही परवडतो. हा कॅमेरा सामान्यांपर्यंत पोहोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते जाक-ईव्ह कुस्तो समुद्रात प्रथम उतरले ते मासे मारण्यासाठी. त्यांच्या हातातल्या भाल्याची जागा कॅमेऱ्याने कशी घेतली, याची ही कहाणी.

गळ टाकून बसणे ही शतकानुशतके अंदाजाची कला होती. पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटीची वेळ आणि बोटांना जाणवणारा दोरीचा हिसका एवढ्या खुणांवरून खाली काय चालले आहे ते ताडायचे. पाण्याचा पृष्ठभाग हा मासेमाराच्या दृष्टीने एक बंद दरवाजा होता. अलीकडे तो दरवाजा किलकिला झाला आहे. अंगठ्याएवढा कॅमेरा केबलला बांधून पाण्यात सोडायचा आणि काठावर बसून हातातल्या लहानशा पडद्यावर तळ न्याहाळायचा, ही चैन आता सर्वसामान्य हौशी माणसालाही परवडते. उत्तर अमेरिकेतील गोठलेल्या सरोवरांवर बर्फाला भोक पाडून मासे धरणारे लोक असे कॅमेरे वापरतात. मासा आमिषापाशी येतो, क्षणभर थबकतो आणि पुष्कळदा तोंड फिरवून निघून जातो, हे सारे त्यांना दिसते.

पाण्याखालचे असे दिसू लागले म्हणजे माणूस अधिक तरबेज शिकारी होतो, की शिकाऱ्याखेरीज आणखी कोणी होतो? विसाव्या शतकात एका माणसाने जवळजवळ सारे आयुष्य या प्रश्नाशी झुंजण्यात घालवले. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर लाल लोकरी टोपी घातलेला, काटकुळा, गरुडनाकाचा तो म्हातारा अनेक वाचकांना आठवत असेल. त्याचे नाव जाक-ईव्ह कुस्तो.

मोडतोड करणारा मुलगा

कुस्तो यांचा जन्म 11 जून 1910 रोजी फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या सँ-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. वडील कायद्याचे जाणकार होते आणि धनिक अमेरिकनांच्या पदरी नोकरी करीत. त्यामुळे कुटुंबाचे बिऱ्हाड सतत पाठीवर. जाक लहानपणी अशक्त आणि आजारी असे. पोहणे मात्र त्याला लवकर आले आणि आवडलेही.

अभ्यासात त्याला गोडी नव्हती. यंत्रांत होती. तेराव्या वर्षाच्या सुमारास साठवलेल्या पैशांतून त्याने घरगुती वापराचा एक छोटा चित्रपट-कॅमेरा विकत घेतला आणि आतली रचना समजून घेण्यासाठी तो खोलून पुन्हा जोडला. मग त्याच कॅमेऱ्यावर लहान लहान चित्रपट काढण्याचा सपाटा लावला. शाळेत मात्र खिडक्यांच्या काचा फोडण्यापर्यंत त्याची मजल गेली आणि घरच्यांनी त्याची रवानगी आल्सास प्रांतातील एका कडक शिस्तीच्या निवासी शाळेत केली. तिथे तो सुधारला. 1930 मध्ये ब्रेस्ट येथील नौदल अकादमीत त्याला प्रवेश मिळाला.

या तरुण अधिकाऱ्याला खरी ओढ होती आकाशाची. नौदलाच्या हवाई दलात वैमानिक होण्याचे प्रशिक्षण त्याने सुरूही केले. पण 1936 मध्ये मोटारीचा भीषण अपघात झाला. दोन्ही हात मोडले. उजवा हात कापून टाकावा, असा डॉक्टरांचा सल्ला होता. कुस्तो यांनी तो मानला नाही. हात वाचला, पण वैमानिक होण्याचे स्वप्न संपले. भूमध्य समुद्राच्या काठी तुलाँ या नाविक तळावर त्यांची नेमणूक झाली. हातांत बळ यावे म्हणून रोज समुद्रात पोहणे सुरू झाले. पुढच्या साऱ्या आयुष्याची दिशा या अपघाताने ठरवली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

गॉगलधारी शिकारी

तुलाँला त्यांना भेटला फिलिप ताय्ये हा नौदलातील सहकारी. ताय्येला डोळ्यांना पाणी न लागू देणारे चष्मे लावून पाण्यात बुडी मारण्याचा आणि भाल्याने मासे टिपण्याचा नाद होता. 1936 मध्ये त्याने दिलेले असले गॉगल लावून कुस्तो यांनी गावालगतच्या किनाऱ्यावर पाण्यात डोके घातले. समुद्रावर वर्षानुवर्षे वावरलेल्या या नाविकाने समुद्राचे अंतरंग त्या दिवशी पहिल्यांदा स्पष्ट पाहिले. हिरव्यागार समुद्रगवताने मढलेले खडक आणि त्यांच्यामधून संथपणे फिरणारे मासे.

लवकरच या दोघांना फ्रेदेरिक द्युमा हा तिसरा सोबती मिळाला. द्युमा नौदलात नव्हता. तो किनाऱ्यावरच वाढलेला, एका श्वासात खोल बुडी मारणारा आणि भाल्याचा नेम सहसा न चुकवणारा गडी होता. या त्रिकुटाचा आरंभीचा उद्योग सरळसरळ शिकारीचा होता. 1939 च्या उन्हाळ्यात द्युमाने दोन तासांत शंभर किलोंहून अधिक मासे एकट्याने मारण्याची पैज लावली आणि ती जिंकलीही. आपल्याकडे ज्यांना हेकरू किंवा गोब्रा म्हणतात, त्यांच्या जातकुळीतले मोठाले मासे त्याच्या भाल्याला बळी पडले.

पण पाण्याखाली जाणाऱ्याला जे दिसते ते केवळ सावज नसते. माशांचे वागणे बदलते आहे, हे या शिकाऱ्यांच्याच प्रथम लक्षात आले. आरंभी निर्धास्तपणे जवळ येणारे मोठे मासे आता भाल्याच्या टप्प्याबाहेर राहू लागले. रबराच्या ताणाने भाला फेकणाऱ्या बंदुका आल्या, तसे माशांनी अंतर आणखी वाढवले. ते अंतर इतके नेमके असे, की हत्यार किती लांबवर पोहोचते याचा हिशेब जणू माशांनी मनोमन मांडला असावा. पुढे रिव्हिएराच्या किनाऱ्यालगतचे मोठे मासे दिसेनासे झाले. जाळी लावून पोट भरणारे परंपरागत मच्छीमार तक्रारी करू लागले. कालांतराने श्वसनयंत्र लावून भाल्याने मासे मारण्यास फ्रान्समध्ये बंदी आली.

काचेची बरणी आणि जुनाट कॅमेरा

पाण्याखाली छायाचित्रण करणारे कुस्तो पहिले नव्हेत. लुई बुतां या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने 1893 मध्येच भूमध्य समुद्राच्या काठी बान्यूल्स येथे पाण्याखाली छायाचित्रे घेतली होती. त्याच्या भावाने त्यासाठी खास कॅमेरा तयार केला होता. ऑस्ट्रियाचा हान्स हास हा कुस्तो यांचा समकालीनही त्याच वाटेवर होता. परंतु बुतांचे साहित्य अवजड होते आणि ते हाताळणारा पाणबुडा धातूचे शिरस्त्राण व जड पोशाख चढवून, वरून येणाऱ्या हवेच्या नळीला बांधलेला असे. हा खटाटोप प्रयोगशाळेच्या आवाक्यातला होता. हौशी माणसाच्या नव्हे.

कुस्तो यांचा मार्ग वेगळा होता, कारण त्यांच्यापाशी पैसा नव्हता. पाण्याखाली चित्रण करण्याचा त्यांचा आरंभीचा प्रयत्न फळे टिकवून ठेवण्याच्या काचेच्या मोठ्या बरणीत कॅमेरा बसवून झाला. 1942 मध्ये त्यांनी कालबाह्य झालेला एक जुना किनामो कॅमेरा स्वस्तात मिळवला. हंगेरीहून परागंदा होऊन आलेल्या एका कारागिराने त्याच्यासाठी भिंग घासून दिले. नौदलातील लेऑं व्हेश या यंत्रज्ञाने पाणी आत शिरू न देणारी पेटी बनवली. युद्धामुळे चित्रपटाची फिल्म मिळेनाशी झाली होती. तेव्हा साध्या कॅमेऱ्यात वापरतात त्या फिल्मची छोटी गुंडाळी विकत आणून, अंधाऱ्या खोलीत एकीला एक जोडून त्यांनी कामापुरती लांबी तयार केली.

अशा जुळवाजुळवीतून 1942 मध्ये जो लघुपट उभा राहिला, त्याच्या नावाचा अर्थ होता ‘अठरा मीटर खोलीवर’. श्वसनयंत्र नव्हते. कुस्तो कॅमेरा घेऊन बुडी मारीत, द्युमा भाला घेऊन, आणि दोघांचा श्वास टिकेल तेवढेच चित्रण होई. चित्रपटाचा विषय होता पाण्याखालची माशांची शिकार. म्हणजे त्यांच्या या स्वस्त कॅमेऱ्याचा जन्मच मासेमारीच्या सेवेत झाला. 1943 मध्ये पॅरिसमध्ये या लघुपटाला पारितोषिक मिळाले.

हे सारे घडत होते ते जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये. हा काळ कुस्तो कुटुंबाच्या इतिहासातील काळोखा अध्याय आहे. थोरले बंधू प्येर-आंत्वान हे नाझींची तळी उचलणाऱ्या, ज्यूद्वेष्ट्या वृत्तपत्राचे संपादक होते. युद्धानंतर 1946 मध्ये त्यांना देहदंडाची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली आणि 1954 मध्ये त्यांची सुटका झाली. स्वतः कुस्तो यांनी शत्रूविरुद्धच्या गुप्त कारवायांत भाग घेतला आणि त्याबद्दल त्यांचा गौरव झाला. तरीही भावाच्या खटल्यात ते त्याच्या बाजूने साक्ष द्यायला गणवेशात उभे राहिले. माणसे एकरंगी नसतात, याचे प्रत्यंतर या आयुष्यात पुन्हा पुन्हा येते.

कॅमेऱ्याला हवा होता वेळ

भाला मारायला एक श्वास पुरतो. चित्र घ्यायला तो पुरत नाही. मासा बुजला असेल तर तो परत येईपर्यंत थांबावे लागते, प्रकाशाची वाट पाहावी लागते, एकच दृश्य दोन-तीनदा टिपावे लागते. कॅमेरा हाती आल्यावर कुस्तो यांची खरी अडचण ही होऊन बसली. पाण्याखाली अर्धा तास मोकळेपणी वावरता येईल असे काहीतरी त्यांना हवे होते.

1937 मध्ये त्यांचा विवाह सिमोन मेलकिओर यांच्याशी झाला होता. सासरे एअर लिक्विड या औद्योगिक वायू बनवणाऱ्या कंपनीशी संबंधित होते. त्यांच्या ओळखीने 1942 च्या डिसेंबरात कुस्तो पॅरिसमध्ये एमिल गान्यां या अभियंत्याला भेटले. पेट्रोलच्या टंचाईमुळे त्या काळी मोटारी कोळशाच्या वायूवर चालवल्या जात आणि इंजिनाला लागेल तेवढाच वायू सोडणारी एक झडप गान्यां यांनी तयार केली होती. नेमके हेच तत्त्व पाणबुड्याला हवे होते. श्वास घेताना हवा यावी, न घेताना बंद व्हावी आणि ती सभोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने यावी.

पहिली चाचणी पॅरिसजवळ मार्न नदीच्या थंडगार पाण्यात झाली आणि ती फसली. माणूस उभा असताना हवा वाया जाई आणि डोके खाली असताना ती मिळेनाशी होई. दोष शोधायला वेळ लागला नाही. हवा बाहेर पडण्याचे तोंड आणि आत घेण्याची झडप वेगवेगळ्या उंचीवर होती. ती एका पातळीवर आणताच यंत्र सुरळीत चालू लागले. 1943 च्या जूनमध्ये बांदोलजवळच्या एका निवांत उपसागरात कुस्तो यांनी पाठीवर नळकांडी बांधून पाण्यात प्रवेश केला. सिमोन वर तरंगत त्यांच्यावर लक्ष ठेवून होत्या. कसलीही दोरी वा नळी न लावता माणूस माशासारखा आडवा, तिरका, उलटा फिरत होता. खडकातल्या एका कपारीच्या छताला शेवंडी चिकटलेल्या त्यांना दिसल्या. त्या उचलून त्यांनी वर सिमोनच्या हाती दिल्या. युद्धातल्या उपासमारीच्या दिवसांत ती मेजवानीच होती. नव्या युगाचा आरंभ करणाऱ्या या बुडीतूनही वर आला तो मासळीचा घासच, हे विसरता कामा नये.

त्या उन्हाळ्यात या तिघांनी पाचशेहून अधिक बुड्या मारल्या. बुडालेल्या जहाजांवर त्यांनी जो चित्रपट काढला, तो पाहून नौदलाच्या वरिष्ठांना या कामाचे मोल कळले आणि 1945 मध्ये तुलाँ येथे पाण्याखालील संशोधनासाठी स्वतंत्र पथक स्थापन झाले. सुरुंग काढणे, बुडालेल्या जहाजांची पाहणी अशी जोखमीची कामे या पथकाने केली. 1947 मध्ये एकशेवीस मीटर खोली गाठताना मोरिस फार्ग या सहकाऱ्याचा मृत्यू झाला. याच काळात पथकातील पाणबुडे समुद्रतळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलजाळ्याच्या मागोमाग गेले आणि त्यांनी ते काम करताना पाहिले. जाळे टाकणाऱ्या कोळ्याने आयुष्यभर न पाहिलेले दृश्य त्यांना दिसले. तळावरचे समुद्रगवत उखडत, सारे काही रगडत जाळे पुढे सरकत होते आणि वाटेतले कितीतरी मासे त्याला चुकवून निसटत होते. हाती लागते त्याहून नासते ते अधिक, ही गोष्ट बोटीवरून कधीच दिसली नसती.

‘शांत विश्व’ आणि त्यातले रक्त

1950 मध्ये एका ब्रिटिश धनिकाने माल्टा येथे प्रवासी वाहतूक करणारे एक जुने सुरुंगशोधक जहाज विकत घेऊन कुस्तो यांना वर्षाला एक फ्रँक इतक्या नाममात्र भाड्याने दिले. हेच ते ‘कॅलिप्सो’. त्याच्या नाळेत पाण्याच्या पातळीखाली काचेच्या खिडक्यांची एक कोठडी बसवण्यात आली. त्यामुळे चालत्या जहाजातूनही पाण्याखाली पाहता येई. जहाज चालवायला पैसा लागे आणि तो मिळवताना कुस्तो फारसे सोवळे राहिले नाहीत. 1954 मध्ये त्यांनी इराणच्या आखातात अबू धाबीच्या किनाऱ्यालगत एका तेल कंपनीसाठी समुद्रतळाची पाहणी करून दिली.

1953 मध्ये त्यांचे आणि द्युमा यांचे ‘शांत विश्व’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक आले आणि जगभर खपले. त्याच नावाचा चित्रपट त्यांनी लुई माल या तेवीस वर्षांच्या दिग्दर्शकाबरोबर पूर्ण केला. 1956 च्या कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो मिळवणारा हा पहिलाच माहितीपट. पुढच्या वर्षी ऑस्करही मिळाले. कोट्यवधी लोकांनी प्रवाळांचे रंग पहिल्यांदा पाहिले ते या चित्रपटात.

आज हा चित्रपट पाहताना मात्र मन दुभंगते. त्यात एक प्रचंड हेकरू मासा आहे. पाणबुड्यांनी त्याचे नाव ठेवले होते जोजो. तो मांसाच्या तुकड्यांसाठी त्यांच्या मागेमागे हिंडतो, कामात लुडबूड करतो, शेवटी त्याला पिंजऱ्यात ठेवावे लागते. अवघ्या पंधरा-सतरा वर्षांपूर्वी ज्या जातीच्या माशांचा भाल्याने खच पडला, त्याच जातीतला एक मासा येथे मित्र झालेला दिसतो. आणि त्याच चित्रपटात एका प्रवाळखडकावर किती प्रकारचे मासे आहेत हे मोजण्यासाठी सुरुंगाचा स्फोट करून ते मारले जातात. जहाजाच्या पंख्याने जखमी झालेल्या व्हेलच्या पिलाला वेदनांतून सोडवण्यासाठी गोळी घातली जाते. त्याच्या कलेवरावर तुटून पडलेल्या शार्कना खलाशी गळाला लावून डेकवर ओढतात आणि कुऱ्हाडींनी तोडतात.

ही दृश्ये त्या काळी कापली गेली नाहीत, कारण त्यांत काही वावगे आहे असे ना ती टिपणाऱ्यांना वाटले, ना बहुसंख्य प्रेक्षकांना. आजच्या प्रेक्षकाला ती पाहवत नाहीत. कॅमेऱ्याने दृष्टी दिली होती, पण दिसलेल्याचा अर्थ लागायला अजून अवधी होता. कुस्तो यांचे मोठेपण सांगताना हा अवधी लपवण्याचे कारण नाही. किंबहुना त्यांच्या प्रवासाचे खरे माप त्यानेच कळते.

दुकानातला कॅमेरा

1957 मध्ये कुस्तो यांनी नौदल सोडले आणि मोनाको येथील सागरी संग्रहालयाचे संचालकपद स्वीकारले. ते त्यांनी 1988 पर्यंत सांभाळले. अमेरिकेतील हॅरल्ड एजर्टन या विद्युत् अभियंत्याच्या साह्याने त्यांनी अतिशय खोल पाण्यात, माणूस जाऊ शकत नाही अशा ठिकाणी, झगझगीत प्रकाशात छायाचित्रे घेणारे कॅमेरे सोडले.

सामान्य माणसाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट मात्र आकाराने लहान होती. तोवर पाण्याखाली छायाचित्र घ्यायचे तर जमिनीवरचा कॅमेरा एका जलरोधक पेटीत बसवावा लागे. बरणीपासून चालत आलेली कल्पना तीच. पेटीची गरज न लागणारा, स्वतःच पाण्यात टिकणारा, एका हातात मावणारा कॅमेरा कुस्तो यांना हवा होता. जाँ द व्हुतेर या बेल्जियन अभियंत्याने तो तयार केला. जोडांमध्ये रबरी कड्या बसवून पाणी बाहेर ठेवण्याची त्याची रचना साधी आणि भरवशाची होती. 1960 च्या दशकाच्या आरंभी तो ‘कॅलिप्सो’ याच नावाने बाजारात आला. 1963 पासून जपानच्या निकॉन कंपनीने तो ‘निकोनोस’ या नावाने बनवण्यास सुरुवात केली. त्याच्या सुधारित आवृत्त्या 2001 पर्यंत तयार होत राहिल्या.

या कॅमेऱ्याने पाण्याखालचे छायाचित्रण प्रयोगशाळेतून आणि नौदलातून बाहेर काढून दुकानाच्या फळीवर आणले. तो आजच्या अर्थाने स्वस्त नव्हता, पण हौशी पाणबुड्याच्या आवाक्यात होता. सुटीत भाल्याची बंदूक घेऊन समुद्रावर जाणाऱ्याला आता घरी न्यायला दुसरेही काही होते. मेलेला मासा दोन दिवसांत संपतो. छायाचित्र भिंतीवर राहते. पाण्याखालच्या पर्यटनाचा जो मोठा व्यवसाय पुढे उभा राहिला, तो बव्हंशी या साध्या अदलाबदलीवर उभा आहे.

पाहिलेल्याची किंमत

1960 मध्ये फ्रान्समध्ये किरणोत्सर्गी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याची योजना पुढे आली. कुस्तो यांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला, लोकमत जागे झाले आणि ती योजना मागे पडली. 1962 ते 1965 या काळात त्यांनी समुद्रतळावर माणसांना राहता येतील अशी घरे उभारण्याचे तीन प्रयोग केले. त्यांपैकी सुदानच्या किनाऱ्यालगतच्या प्रयोगावरील चित्रपटाने त्यांना आणखी एक ऑस्कर मिळवून दिले. समुद्रात वस्ती करावी, तेथे शेती-उद्योग उभारावेत, ही महत्त्वाकांक्षा मात्र नंतर त्यांनीच सोडून दिली.

1968 पासून अमेरिकन दूरचित्रवाणीवर त्यांची मालिका सुरू झाली आणि कुस्तो हे नाव घराघरांत पोहोचले. 1973 मध्ये त्यांनी सागररक्षणासाठी कुस्तो सोसायटी स्थापन केली. 1977 मध्ये ‘कॅलिप्सो’ भूमध्य समुद्राच्या प्रदूषणाची तपासणी करीत फिरले. तरुणपणी ज्या पाण्यात बुड्या मारल्या, त्याच पाण्यात पुन्हा उतरलेल्या या माणसाला तेथील जीवन ओसरलेले दिसले.

येथे त्या पहिल्या लघुपटाला एक वेगळाच अर्थ प्राप्त होतो. 1942 मध्ये शिकारीचा पराक्रम दाखवण्यासाठी काढलेली ती दृश्ये पुढे एक प्रकारचा दस्तऐवज ठरली. किनाऱ्यालगत, अवघ्या अठरा मीटर खोलीवर, केवढे मासे होते याचा तो पुरावा आहे. जुन्या कोळ्यांच्या आठवणींवर पुढच्या पिढ्या विश्वास ठेवतीलच असे नाही. चित्रावर ठेवावा लागतो. स्वतःच्या विरोधात साक्ष देणारा पुरावा कुस्तो यांनी स्वतःच, स्वतःच्या स्वस्त कॅमेऱ्याने गोळा करून ठेवला होता.

वृद्धापकाळी त्यांनी दक्षिण ध्रुवाकडे लक्ष वळवले. अंटार्क्टिकामध्ये खनिजे काढण्यास वाव देणाऱ्या करारावर फ्रान्सने शिक्कामोर्तब करू नये, यासाठी त्यांनी लाखो सह्या गोळा केल्या. 1991 मध्ये माद्रिद येथे झालेल्या करारान्वये तेथे खाणकामास बंदी घालण्यात आली. या निर्णयामागे अनेकांचे श्रम होते. त्यांत ऐंशी वर्षांच्या कुस्तो यांचाही वाटा होता.

घरच्या आघाडीवर अखेरची वर्षे सुखाची नव्हती. वारस मानलेला धाकटा मुलगा फिलिप 1979 मध्ये लिस्बनजवळ समुद्रविमानाच्या अपघातात गेला. ‘कॅलिप्सो’वर पतीपेक्षा अधिक काळ राहिलेल्या सिमोन 1990 मध्ये निवर्तल्या. वर्षभरात कुस्तो यांनी फ्रांसीन त्रिप्ले यांच्याशी विवाह केला. त्यांच्यापासून झालेली दोन मुले असल्याचे तेव्हा जगाला कळले. कुस्तो हे नाव वापरण्याच्या हक्कावरून थोरला मुलगा जाँ-मिशेल याच्याशी वाद न्यायालयापर्यंत गेला. 1996 च्या जानेवारीत सिंगापूरच्या बंदरात एका बार्जची धडक बसून ‘कॅलिप्सो’ बुडाले. ते वर काढण्यात आले, पण पुन्हा सफरीवर निघाले नाही. 25 जून 1997 रोजी पॅरिस येथे वयाच्या 87 व्या वर्षी कुस्तो यांचे निधन झाले. ज्या गावात जन्म झाला, तेथेच त्यांचे दफन झाले.

काठावरचा माणूस

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास सुटीत पाण्यात उतरणारा मुंबई-पुण्याचा पर्यटक पाठीवर जे नळकांडे बांधतो, त्याची वंशावळ 1943 च्या बांदोलपाशी जाऊन पोहोचते. त्याच्या मनगटाला अडकवलेल्या छोट्या जलरोधक कॅमेऱ्याची वंशावळ त्या काचेच्या बरणीपाशी. त्याच मालवणचा समुद्र 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथे मासळीवर पोट असलेल्या कोळ्यांना या घोषणेची धास्ती वाटत आली आहे. समुद्र पाहणाऱ्याचा की त्यावर जगणाऱ्याचा, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यालाही चुकलेला नाही आणि कुस्तो यांच्या आयुष्यात त्याचे तयार उत्तर मिळत नाही.

मिळते ते एवढेच, की पाहणे ही आपोआप पुण्याई ठरत नाही. कुस्तो यांनी 1936 मध्ये पाण्याखाली पाहिले आणि भाला उचलला. 1942 मध्ये कॅमेऱ्यातून पाहिले, तेही भाल्याच्या कौतुकासाठी. 1956 मध्ये जगाला दाखवले, त्यातही सुरुंग होता. किरणोत्सर्गी कचऱ्याविरुद्ध उभे राहीपर्यंत पहिल्या बुडीला चोवीस वर्षे लोटली होती. मात्र या सर्व काळात त्यांनी पाहणे थांबवले नाही आणि पाहिलेले पुसून टाकले नाही.

आज सरोवराच्या काठी बसलेल्या मासेमाराला हा चोवीस वर्षांचा रस्ता एका दुपारी समोर दिसू शकतो. पडद्यावर मासा येतो. त्याच्या कल्ल्यांची उघडझाप दिसते, आमिषाभोवतीची त्याची शंकेखोर घिरटी दिसते. त्या कॅमेऱ्याने गळ अधिक नेमका टाकता येईल. मासा लहान आहे किंवा अंड्यांनी भरलेला आहे, असे पाहून गळ वर ओढूनही घेता येईल. कॅमेरा दोन्ही कामांना सारखाच उपयोगी आहे. दोरी मात्र अजूनही काठावरच्या माणसाच्याच हातात आहे.